महाविद्यालयीन ओळख-व्यवस्थापन प्रणालीतील भाषेची मांडणी : सोलापूरच्या बहुभाषिक विद्यार्थ्यांच्या संदर्भात

बीजशब्द : ओळख-व्यवस्थापन, भाषा-पसंती, लिप्यंतर, देवनागरी, युनिकोड, विद्यार्थी नोंदी

प्रस्तावना

सोलापूर या नावाचीच एकाहून अधिक लिखित रूपे आहेत. इंग्रजी अमदानीतील रोमन लेखनात आरंभी ‘शो’ होता. आज तेथे ‘सो’ आहे. मराठीत आपण ‘पूर’ दीर्घ लिहितो, हिंदीत तोच ऱ्हस्व होतो. सिद्धरामेश्वरांच्या बाराव्या शतकातील कन्नड परंपरेत हेच क्षेत्र ‘सोन्नलिगे’ म्हणून ओळखले जाते. ही सर्व एकाच गावाची नावे आहेत हे सोलापूरकरास सांगावे लागत नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती निरनिराळ्या वर्णांच्या निरनिराळ्या मालिका असतात आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे कोणीतरी त्याला सांगून ठेवावे लागते. गावाच्या नावाबाबत हे घडते तेव्हा फारसे नुकसान होत नाही. विद्यार्थ्याच्या नावाबाबत ते घडले तर शिष्यवृत्ती अडते, गुणांकांची नोंद दुसरीकडे राहते आणि पदवी प्रमाणपत्रावर भलतेच नाव छापले जाते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’विषयीचे विनियम अधिसूचित केले. त्यानंतर ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा बारा अंकी ओळख क्रमांक आला. डिजिलॉकर तर २०१५ पासूनच उपलब्ध होते. परिणामी महाविद्यालयाच्या नोंदीतील नाव हे आता केवळ महाविद्यालयाचे राहिलेले नाही; ते आधार, विद्यापीठ आणि शिष्यवृत्तीची प्रणाली यांच्याशी सतत ताडून पाहिले जाते. याच सुमारास अनेक महाविद्यालयांनी प्रवेश, ग्रंथालय, ई-अध्ययन आणि परीक्षा यांसाठी एकच वापरकर्ता-नाव व एकच परवलीचा शब्द देणारी ओळख-व्यवस्थापन प्रणाली स्वीकारण्यास प्रारंभ केला आहे. या प्रणालीत ‘भाषा’ या शीर्षकाखाली काही मोजक्या चौकटी असतात. प्रणाली उभी करणारा तंत्रज्ञ त्या दोन मिनिटांत भरून मोकळा होतो. त्या चौकटींमागे जे निर्णय दडलेले आहेत ते मुळात तंत्रज्ञाचे नसून प्राध्यापकांचे आणि महाविद्यालय प्रशासनाचे आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

सोलापूर हे या विषयाच्या अभ्यासास सोयीचे स्थळ आहे. सूतगिरण्या, हातमाग आणि यंत्रमाग यांच्या आधाराने तेलंगण-आंध्रातून आलेला पद्मशाली समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांत व शहराच्या जुन्या पेठांत कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत. उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही माध्यमांतून शालेय शिक्षण झालेली मुले पुढे एकाच महाविद्यालयाच्या एकाच वर्गात येऊन बसतात, आणि त्यांचा प्रवेश-अर्ज बहुधा इंग्रजीत असतो.

एका चौकटीत चार प्रश्न

ओळख-व्यवस्थापन प्रणालीचे काम थोडक्यात असे : समोर आलेली व्यक्ती कोण आहे हे तपासणे, तिच्याविषयीचे काही तपशील जपणे आणि ग्रंथालयासारख्या अन्य प्रणालींनी विचारल्यास त्यांतील आवश्यक तेवढे तपशील त्यांना पुरविणे. इन्फ्लिबनेटच्या ‘इनफेड’ या व्यवस्थेमुळे शिबोलेथ हे नाव आपल्या ग्रंथपालांच्या परिचयाचे आहे. महाविद्यालयास स्वतःच्या सर्व्हरवर विनामूल्य बसविता येईल अशी मुक्त स्रोत प्रणाली म्हणून ‘कीक्लोक’चा वापर होतो. पुढील विवेचनात उदाहरणे मुख्यतः तिचीच घेतली आहेत; तत्त्वे अन्य प्रणालींनाही लागू पडतात.

अशा प्रणालीत ‘भाषा’ हा एक शब्द चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. लॉगिनचा पडदा कोणत्या भाषेत दिसावा हा पहिला प्रश्न. विद्यार्थ्यास जाणारे संदेश कोणत्या भाषेत असावेत हा दुसरा. दिनांक व अंक कोणत्या रीतीने लिहावेत हा तिसरा. आणि विद्यार्थ्याचे नाव कोणत्या लिपीत, कोणत्या रूपात जपावे हा चौथा. मानके तयार करणाऱ्यांनी हा भेद पूर्वीच ओळखला होता. निर्देशिकांमधील व्यक्तीच्या नोंदीसाठी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी २७९८’ या दस्तऐवजात ‘पसंतीची भाषा’ हा स्वतंत्र गुणधर्म आहे. पुढे २०१५ च्या ‘स्किम’ या मानकात पसंतीची भाषा आणि अंक-दिनांकांची स्थानिक रीत अशा दोन वेगळ्या नोंदी सांगितल्या गेल्या. नावाच्या भाषेसाठी तर २००४ च्या ‘आरएफसी ३८६६’ मध्ये नोंदीच्या प्रत्येक गुणधर्मास भाषेची खूण जोडण्याची सोय आहे; म्हणजे त्याच व्यक्तीचे नाव मराठीची खूण लावून एकदा आणि कन्नडची खूण लावून पुन्हा जपता येते. सोय अशी जुनीच आहे. आपल्याकडे ती वापरली जात नाही, कारण प्रवेश-अर्जात त्यासाठी जागाच नसते.

पडदा कोणत्या भाषेत उघडतो

कीक्लोकमध्ये बहुभाषिकत्व आपोआप सुरू नसते. व्यवस्थापकाने ते सुरू करून कोणत्या भाषा चालतील व पूर्वनिर्धारित भाषा कोणती हे सांगावे लागते. मराठीची खूण ‘एमआर’, कन्नडची ‘केएन’, तेलुगूची ‘टीई’, उर्दूची ‘यूआर’. ज्या भाषेचे भाषांतर तयार मिळत नाही तिच्यासाठी संदेशांची फाइल स्वतः तयार करून प्रणालीच्या रूपसज्जेत समाविष्ट करता येते. थोडेच संदेश बदलावयाचे असल्यास व्यवस्थापन-पटलावरूनही ते लिहिता येतात. जो संदेश भाषांतरित झालेला नसेल तो इंग्रजीत दिसतो. हे काम भाषा विभागांनी मनावर घेतल्यास फार मोठे नाही, कारण विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडणारे संदेश मर्यादित असतात.

यानंतरचा भाग महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्याने लॉगिनचे पान उघडले की ते कोणत्या भाषेत दाखवावे हे प्रणाली ठरावीक क्रमाने शोधते. पडद्यावरील यादीतून भाषा नुकतीच निवडली असेल तर ती प्रथम. नसेल, पण व्यक्ती ओळखली गेली असेल, तर तिच्या नोंदीतील पसंतीची भाषा. तीही नसेल तर ज्या प्रणालीतून, समजा ग्रंथालयाच्या पानावरून, विद्यार्थी आला तिने सुचविलेली भाषा. त्यानंतर त्या ब्राउझरमध्ये शेवटी निवडली गेलेली आणि कुकीत राहिलेली भाषा. मग ब्राउझर स्वतः सर्व्हरला जी भाषा कळवितो ती. आणि अखेरीस महाविद्यालयाने ठरविलेली पूर्वनिर्धारित भाषा.

हा क्रम तयार करताना एक व्यक्ती आणि तिचा स्वतःचा संगणक असे चित्र गृहीत धरलेले दिसते. आपल्या प्रयोगशाळेचे चित्र तसे नाही. तेथे एका संगणकावर दिवसभरात अनेक विद्यार्थी बसतात. ब्राउझर बसविणाऱ्याने तो इंग्रजीत बसविलेला असतो, त्यामुळे ब्राउझर जी भाषा कळवितो ती यंत्राची असते, विद्यार्थ्याची नव्हे. ब्राउझर बंद न करता उठलेल्या विद्यार्थिनीने कन्नड निवडली असेल, तर तिच्यानंतर बसणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलास लॉगिनचे पान कन्नडमध्ये दिसते. त्यास ‘भाषा बदला’ हा पर्याय सापडला तर ठीक; पण तो पर्यायही कन्नडमध्येच लिहिलेला असल्यास तो शोधणार कसा? म्हणून भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचे नाव त्या त्या भाषेच्या लिपीतच असले पाहिजे, आणि ती यादी पानाच्या वरच्या बाजूस उघड दिसली पाहिजे. प्रयोगशाळेतील ब्राउझर प्रत्येक सत्रानंतर कुकी पुसून टाकील अशी व्यवस्था करणे हा सोपा उपाय आहे, व तो ओळख-प्रणालीत नव्हे, प्रयोगशाळेत करावयाचा आहे.

या प्रणालीची एक चांगली सवयही नोंदविली पाहिजे. लॉगिनच्या पानावर विद्यार्थ्याने यादीतून भाषा जाणीवपूर्वक बदलली आणि मग लॉगिन पूर्ण केले, तर ती निवड त्याच्या नोंदीत उतरते. आधीच्या विद्यार्थ्याच्या कुकीमुळे दिसलेली भाषा मात्र त्याच्या नोंदीत अशी शिरत नाही. म्हणजे विद्यार्थ्याची पसंती विद्यार्थ्याच्याच कृतीतून ठरते.

एकदा ठरलेली भाषा अन्य प्रणालींना कळविली जाते. येथे एक क्षुल्लक वाटणारी अडचण वारंवार येते. एक प्रणाली नुसते ‘एमआर’ पाठविते, दुसरी भारताची खूण जोडून ‘एमआर-आयएन’ अशी अपेक्षा करते, तिसरी मधल्या आडव्या रेघेऐवजी अधोरेषा मागते. जुळले नाही की पडदा निमूटपणे इंग्रजीत उघडतो, आणि ‘मराठी चालत नाही’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. मराठीची खूण न सापडल्यास देवनागरी समान म्हणून हिंदी दाखवावी, असाही पर्याय काही ठिकाणी योजतात. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. लिपी समान असली तरी भाषा समान नाही. शिवाय सोलापुरातील कन्नड माध्यमाच्या मुलास हिंदीपेक्षा मराठी किंवा इंग्रजी अधिक परिचयाची असण्याची शक्यता असते.

मातृभाषा ही पसंती नव्हे

प्रवेश-अर्जात ‘मातृभाषा’ हा रकाना असतोच. नवीन प्रणाली सुरू करताना प्रत्येक विद्यार्थ्यास पसंतीची भाषा विचारीत बसण्यापेक्षा हाच रकाना उचलून पसंतीच्या जागी भरावा, हा मोह स्वाभाविक आहे. तंत्रदृष्ट्या ते एका आज्ञेचे काम आहे. शैक्षणिकदृष्ट्या ती चूक आहे.

उदाहरणार्थ, पूर्व भागातील एका विणकर कुटुंबातील मुलगी घ्या. घरी ती तेलुगू बोलते. आजीशी तर फक्त तेलुगूच. शाळा मात्र मराठी माध्यमाची झाली. तेलुगू लिपी तिला वाचता येत नाही. महाविद्यालयात ती वाणिज्य शाखा इंग्रजीतून शिकते, भ्रमणध्वनीवर मैत्रिणींना रोमन लिपीत मराठी लिहिते. तिची मातृभाषा तेलुगू हे संपूर्ण सत्य आहे. आणि तिला तेलुगूत पाठविलेला परवलीच्या शब्दाचा संदेश तिला वाचता येणार नाही, हेही तितकेच सत्य आहे. उलट तेलुगू माध्यमात दहावीपर्यंत शिकलेल्या तिच्या चुलत भावास तोच संदेश सर्वांत चटकन कळेल. अर्जातील रकान्यात दोघांची नोंद एकच. उर्दूच्या बाबतीतही घरची भाषा, वाचनाची लिपी आणि शाळेचे माध्यम या तीन गोष्टी एकत्र असतीलच असे नाही.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. पसंतीची भाषा ही लॉगिनसोबत प्रत्येक जोडलेल्या प्रणालीकडे जाऊ शकते. त्यात ग्रंथालय असते, तशीच एखाद्या बाहेरच्या कंपनीची नोकरभरतीची प्रणालीही असू शकते. भाषेच्या खुणेवरून समाज आणि धर्म यांचा तर्क करणे आपल्याकडे किती सोपे आहे हे सांगावयास नको. विद्यार्थ्याने स्वतः पडद्यासाठी निवडलेली भाषा आणि महाविद्यालयाने त्याच्या न कळत मातृभाषेच्या रकान्यातून उचललेली भाषा यांत म्हणूनच नैतिक अंतर आहे. ज्या प्रणालीस भाषेची आवश्यकता नाही तिला ती पाठवू नये, अशी मांडणी प्रत्येक जोडणीपुरती स्वतंत्रपणे करता येते, ती करावी.

नावाची लिपी

आता चौथ्या आणि सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळू. आधार क्रमांकांच्या वितरणाचा देशातील प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे झाला. आधारच्या पत्रावर नाव इंग्रजीत आणि एका स्थानिक भाषेत असते. नोंदणीच्या वेळी रोमन लिपीत भरलेल्या नावाचे यंत्राद्वारे स्थानिक लिपीत रूपांतर होते आणि ते तपासून दुरुस्त करण्याची संधी त्याच वेळी असते. रांगेत उभ्या असलेल्या किती जणांनी पडद्याकडे नीट पाहिले असेल, हा प्रश्न वेगळा.

रोमन लिपीतून देवनागरीत परत येताना काय हरवते ते पाहू. काळे आणि काले ही दोन निराळी आडनावे रोमनमध्ये एकाच रूपात जातात. परत येताना यंत्र बहुधा ‘काले’ निवडते, कारण ‘ळ’साठी रोमनमध्ये वेगळे अक्षर आपण ठेवलेलेच नाही. माळीचे ‘माली’ होते, गोळेचे ‘गोले’. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस रोमनमध्ये ‘डी’ने सुरू करतो, कारण त्याचा उच्चार ‘द्न्य’ असा आहे; हिंदी भाषक तेच ‘जी’ने सुरू करतो. मराठी पद्धतीने लिहिलेले रोमन नाव हिंदीसाठी बनविलेल्या लिप्यंतर-साधनास दिले, तर ‘ड्न्यानेश्वर’ असे विचित्र रूप हाती येण्याचा संभव असतो. तेलुगू आणि कन्नड कुटुंबांत ‘त’ साठी रोमनमध्ये ‘टी-एच’ लिहिण्याची दाक्षिणात्य रीत आढळते. तशा रीतीने लिहिलेले लता हे नाव मराठीच्या साधनातून ‘लथा’ होऊन येते, ज्योती ‘ज्योथी’ होते, स्वाती ‘स्वाथी’ होते. श्रीनिवास हे एकच नाव तर रोमनमध्ये चार-पाच प्रकारे लिहिलेले आपल्या हजेरीपटावरच सापडेल. वीरण्णा, ईरण्णा आणि इरण्णा या तिन्ही रूपांपैकी कोणते खरे हे ज्याचे नाव आहे तोच सांगू शकतो.

यावरून निघणारा व्यावहारिक नियम सरळ आहे. देवनागरीतील नाव रोमनवरून तयार करू नये. रोमनमधील नाव देवनागरीवरून तयार करू नये. दोन्ही विद्यार्थ्याकडूनच, शाळा सोडल्याचा दाखला व दहावीची गुणपत्रिका समोर ठेवून, स्वतंत्रपणे लिहून घ्यावीत. ज्यास कन्नड, तेलुगू किंवा उर्दू लिपीतही आपले नाव नोंदवावयाचे असेल त्यास तिसरी जागा असावी; ती भरण्याची सक्ती नसावी. भाषेच्या खुणेस लिपीची चार अक्षरी खूण जोडण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्या आधारे ‘तेलुगू नाव, देवनागरी लिपीत’ असेही नोंदविता येते, आणि सोलापुरात तर बहुसंख्य तेलुगू नावांची दैनंदिन लिखित अवस्था तीच आहे. कीक्लोकच्या २०२४ मधील २४ व्या आवृत्तीपासून वापरकर्त्याच्या नोंदीतील प्रत्येक गुणधर्म आधी घोषित करावा लागतो; अघोषित गुणधर्म पूर्वनिर्धारित मांडणीत स्वीकारले जात नाहीत. म्हणजे देवनागरी नावाची जागा प्रथम निर्माण करावी लागेल. जुन्या आवृत्तीवरून नवीनवर जाताना ही गोष्ट ध्यानात न घेतल्यास अतिरिक्त नोंदी दिसेनाशा झाल्याचा अनुभव येतो.

नावाचा क्रम ही दुसरी अडचण. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम येते. आधारवर बहुधा स्वतःचे नाव प्रथम. तेलुगू परंपरेत ‘इंटि पेरु’ म्हणजे घराण्याचे नाव आरंभी लिहिण्याचा प्रघात आहे. मुस्लिम कुटुंबांत ‘शेख’ कधी आरंभी, कधी शेवटी असतो, आणि तो आडनाव मानावा की नाही हे कुटुंबागणिक बदलते. परदेशी घडणीच्या प्रणालींत ‘पहिले नाव’ आणि ‘शेवटचे नाव’ अशा दोन चौकटी असतात व त्या दोन्ही भरणे सक्तीचे असते. एकच नाव लावणाऱ्या विद्यार्थ्याने दुसऱ्या चौकटीत टिंब दिलेले आपण सर्वांनी पाहिले असेल. ते टिंब पुढे ओळखपत्रावरही छापले जाते. त्यातच महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये असा निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नोंदीत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असावा. ही मुले आपल्या महाविद्यालयांत २०४२ च्या सुमारास येतील. आज उभी केलेली प्रणाली तोवर टिकेल असे नव्हे. परंतु नोंदी टिकतील. म्हणून पूर्ण नाव जसेच्या तसे एका चौकटीत जपावे, तेच प्रमाण मानावे आणि नावाचे तुकडे केवळ सोयीसाठी ठेवावेत. तुकडे जोडून पूर्ण नाव तयार करण्याचे काम यंत्रावर सोपवू नये.

लिपी एकच असूनही जुळणी फसते, याचे कारण युनिकोडच्या तपशिलात आहे. ‘ॲ’ या अक्षरास २००८ च्या युनिकोड ५.१ आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही अनेक कळफलकांवरून ते ‘अ’ आणि चंद्र असे दोन संकेत जोडून लिहिले जाते. काही जण त्याऐवजी ‘ऍ’ लिहितात. डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही, यंत्रास ते तीन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही हे तीन एकरूप होत नाहीत. ‘ऱ्ह’मधील ‘ऱ’चे तसे नाही, तो एका संकेताने लिहिला काय किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिला काय, प्रमाणीकरणानंतर एक होतो. जोडाक्षरांमध्ये काही साधने अदृश्य जोडचिन्ह घालतात. ते छापील कागदावर कधीच दिसत नाही, जुळणी मात्र हाणून पाडते. तेव्हा नाव साठविण्यापूर्वी प्रमाणीकरण करावे, ‘ॲ’सारख्या मोजक्या रूपांसाठी स्वतःचा नियम लावावा, आणि अदृश्य चिन्हे शोधून तपासणीस ठेवावीत, सरसकट पुसू नयेत, कारण क्वचित ती हेतुपुरस्सर असतात.

आणखी एक खोच सांगण्याजोगी आहे. नावात फक्त अक्षरेच असावीत, अंक वा चिन्हे नसावीत, असा नियम प्रणालीत घालण्याची रीत आहे. रोमनपुरताच नियम घालणाऱ्याने देवनागरी नाव नाकारले तर चूक लगेच ध्यानात येते. परंतु ‘कोणत्याही भाषेतील अक्षर चालेल’ असा उदार नियम घालणाराही फसतो. युनिकोडच्या वर्गीकरणात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही ‘अक्षरे’ नाहीत. ती ‘चिन्हे’ या वेगळ्या वर्गात आहेत. ‘काळे’ या आडनावात दोन अक्षरे आणि दोन चिन्हे. म्हणून हा नियम ‘कमल’ स्वीकारतो आणि ‘कमला’ नाकारतो. नियमात चिन्हांचा वर्ग जोडला की प्रश्न मिटतो. मात्र तो जोडावयाचा आहे हे कोणीतरी मराठी नावे भरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

युनिकोडपूर्व काळातील नोंदींविषयी थोडक्यात इतकेच, की श्रीलिपी वा आयएसएमसारख्या साधनांच्या जुन्या फाँटमध्ये टंकलिखित झालेल्या याद्या थेट नवीन प्रणालीत ओतू नयेत. परिवर्तकाने त्या युनिकोडमध्ये आणून मूळ छापील यादीशी माणसाने ताडून पाहाव्यात.

संदेश आणि अंक

परवलीचा शब्द विसरल्यावर येणारा ई-मेल कीक्लोकमध्ये वापरकर्त्याच्या पसंतीच्या भाषेत जातो. भ्रमणध्वनीवरील संदेशाचे गणित वेगळे आहे. रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० वर्ण मावतात, देवनागरी किंवा कन्नडमधील एसएमएसमध्ये ७०. ही मोजणी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसून संकेतांची असते : ‘संकेतांक’ हा शब्द दिसावयास चार अक्षरांचा, मोजणीत आठ वर्णांचा. इंग्रजी संदेशाचे शब्दशः भाषांतर केले की तो दोन संदेशांचा होतो आणि खर्च दुप्पट. शिवाय असे संदेश दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदवावे लागतात, त्यामुळे प्रत्येक भाषेचा मसुदा स्वतंत्रपणे नोंदविला पाहिजे. मराठी संदेश मुळातच आखूड लिहावा. आदरार्थी प्रस्तावनेची येथे गरज नाही.

अंकांबाबत मराठीची स्थिती शेजारच्या भाषांहून निराळी आहे. ब्राउझरमध्ये अंक मांडण्याची जी प्रचलित सोय आहे तीत मराठी निवडताच पूर्वनिर्धारित म्हणून देवनागरी अंक येतात. हिंदी, कन्नड आणि तेलुगूसाठी मात्र आंतरराष्ट्रीय अंकच राहतात. देवनागरी अंक हे आपल्या लेखनाचे अंग आहे व दिनांक, गुण, शुल्क यांसाठी ते अवश्य असावेत. परंतु कायम नोंदणी क्रमांक, आसन क्रमांक किंवा ओटीपी ही संख्या नसून खूण असते. विद्यार्थी तो क्रमांक उचलून दुसऱ्या पोर्टलवर चिकटवितो आणि ते पोर्टल देवनागरी अंक स्वीकारीत नाही. अशा क्रमांकांना अंक-मांडणीतून वगळावे. उलट दिशेने, ओटीपीच्या चौकटीत विद्यार्थ्याने मराठी कळफलकावरून देवनागरी अंक लिहिले तर प्रणालीने ते मुकाट्याने आंतरराष्ट्रीय अंकांत बदलून घ्यावेत. ‘चुकीचा संकेतांक’ असे सांगून तीन प्रयत्नांनंतर खाते गोठवू नये. परीक्षा-अर्जाच्या अखेरच्या दिवशी गोठलेले खाते म्हणजे काय, हे परीक्षा विभागात काम केलेल्या प्राध्यापकांस ठाऊक आहे.

उर्दूसाठी पडद्याची दिशाच उजवीकडून डावीकडे असते. चौकटींची नावे उजवीकडे जातात, परंतु वापरकर्ता-नाव आणि ओटीपी डावीकडूनच लिहिले जातात. ही मांडणी उर्दू वाचणाऱ्या विद्यार्थ्यास प्रत्यक्ष बसवून तपासल्याखेरीज ‘उर्दू उपलब्ध’ असे जाहीर करू नये.

संमती आणि दुरुस्ती

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहिती घेताना द्यावयाची सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत अथवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय संबंधित व्यक्तीस असला पाहिजे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत. म्हणजे लॉगिनच्या पडद्यासाठी जी भाषांची यादी आपण सोय म्हणून करतो ती संमतीच्या पानाबाबत विद्यार्थ्याच्या अधिकाराचा भाग ठरते. याच अधिनियमाने स्वतःची माहिती दुरुस्त करून घेण्याचा अधिकारही दिला आहे.

दुरुस्तीच्या अधिकाराची अंमलबजावणी करताना भेद राखावा लागेल. पडद्याची भाषा विद्यार्थ्याने केव्हाही, कोणालाही न विचारता बदलावी. रोमन लिपीतील प्रमाण नाव कार्यालयाच्या संमतीशिवाय बदलता येऊ नये, कारण ते अन्य अभिलेखांशी बांधलेले आहे. देवनागरी वा अन्य लिपीतील नावाची दुरुस्ती विद्यार्थ्याने सुचवावी, लिपिकाने दाखल्यावरून तपासावी, आणि जुने रूप पुसून न टाकता दिनांकासह मागे ठेवावे. जुन्या गुणपत्रिकेवर ‘काले’ आणि नवीनवर ‘काळे’ असे का आहे याचे उत्तर दहा वर्षांनी कोणी विचारले तर ते नोंदीतच सापडेल.

यासाठी प्रस्तुत लेखक एक साधी योजना सुचवू इच्छितो. प्रथम वर्षाच्या प्रवेशानंतरच्या पंधरवड्यात, परीक्षा-अर्ज सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक वर्गाची एक तासिका प्रयोगशाळेत घ्यावी. विद्यार्थ्याने स्वतः लॉगिन करावे, भाषा निवडावी, आपले नाव दोन्ही लिप्यांत मोठ्या टंकात पाहावे आणि ते बरोबर असल्याची खूण करावी अथवा दुरुस्ती लिहावी. वर्गशिक्षकांबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू वाचू शकणारा प्रत्येकी एक प्राध्यापक किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी त्या वेळी उपस्थित असावा. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गास एक तासिका पुरते. दुरुस्त्यांची यादी त्याच दिवशी कार्यालयाकडे जावी व ती विद्यापीठाकडे नोंदणी पाठविण्याच्या आत निकालात निघावी; त्यानंतर केलेली प्रत्येक दुरुस्ती प्रतिज्ञापत्र आणि शुल्क मागते.